कारागीर वगळून प्रदर्शन कसे भरवावे

पावसाळा ओसरला की पणजीत प्रदर्शनांचे पेव फुटते आणि कांपालपासून फोंतेन्यांशपर्यंत प्रत्येक जुन्या भिंतीला कलेची बाधा होते. वाचकहो, यंदा तुम्हालाही एखादे प्रदर्शन भरवण्याची हौस आली असेल, तर नुकतेच असे एक भव्य प्रदर्शन पाहून पावन झालेल्या माणसाचा हा सल्ला विनामूल्य स्वीकारावा.

जागा पडकीच निवडावी. जांभ्या चिऱ्यांचे घर, गळकी कौले, निखळलेल्या शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी आणि शेवाळलेले बलकांव, म्हणजे दारापुढची बैठकीची ओसरी, मिळाले, तर तुमचे अर्धे काम झाले म्हणून समजा. त्यातले काहीही दुरुस्त करू नका, फक्त खालून पिवळा प्रकाश सोडा. त्याच घरात ‘वारसा’ या विषयावर परिसंवाद ठेवावा आणि त्यात चार्ल्स कोरिया यांचे नाव आदराने घ्यावे. मूळच्या गोमंतकीय असलेल्या या वास्तुशिल्पकाराने पणजीतल्या कला अकादमीची रचना अशी केली की, रस्त्यावरच्या कोणाही माणसाला सावलीतून चालत मांडवीच्या काठापर्यंत जाता यावे. १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या त्या वास्तूचा हा मोकळेपणा वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवला जातो. नूतनीकरण चालू असताना जुलै २०२३ मध्ये तिथल्याच खुल्या रंगमंचाचे छप्पर कोसळले, हा विषय मात्र व्यासपीठावर काढू नये, तो चहाच्या वेळी हळू आवाजात बोलण्याचा आहे.

उद्घाटन मंत्री येतील तेव्हा करावे.

प्रवेश सर्वांना खुला ठेवावा, म्हणजे ज्याच्या खिशात महागडा मोबाईल आहे, त्यात इंटरनेट आहे आणि दारावरचा क्यूआर कोड टिपून इंग्रजी अर्ज भरण्याची ज्याला सवय आहे, अशा सर्वांना.

भिंतीवरचे टिपण केवळ इंग्रजीत असावे आणि ते गुडघ्याच्या उंचीवर लावावे. त्यात स्मृती, अवकाश आणि विस्थापन हे तिन्ही शब्द आले की, ते कोणत्याही कलाकृतीला चालते.

भाषणात गोव्याच्या चित्रपरंपरेचे स्मरण अवश्य करावे. साळगावात १९२४ मध्ये जन्मलेले फ्रान्सिस न्यूटन सौझा आणि त्याच वर्षी नागपुरात गोमंतकीय कुटुंबात जन्मलेले वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांना लिलावात किती कोटी मिळाले, हे सांगितले की टाळ्या पडतात. आँजेलो फोन्सेका यांनाही विसरू नये. येशूची आई मारिया हिला त्यांनी चित्रांत साडी नेसवली, ते त्या काळच्या गोव्याला सोसले नाही आणि या माणसाचे आयुष्य पुण्यात सरले. तुमच्या भाषणात मात्र ते ‘आपले फोन्सेका’ असावेत. दिवंगत चित्रकार मानधन मागत नाहीत, ही त्यांची मोठी सोय आहे. गोवा कला महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलेल्या हयात मुलांना खुर्च्या उचलण्यासाठी स्वयंसेवक म्हणून बोलवावे आणि जेवणाचे कूपन द्यावे.

आता पाटीविषयी. कलाकृतीशेजारी कलावंताचे नाव, शीर्षक, वर्ष, माध्यम आणि आकार लिहावा, अशी साधी रीत आहे; तिच्यात तुम्ही सुधारणा करावी. मी पाहिलेल्या प्रदर्शनात चिऱ्यांची एक अर्धगोल भिंत उभारलेली होती आणि तिच्या गिलाव्यावर कावीची, म्हणजे तांबड्या थरातून पांढरा चुना खरवडून काढलेली, नक्षी होती. संकल्पना कोणाची, क्युरेटर कोण, अवकाशरचना कोणाची, प्रकाशयोजना कोणाची, ध्वनी कोणाचा आणि पैसा कोणाचा, हे सारे पाटीवर नोंदलेले होते. सर्वांत खाली, लहान अक्षरांत, ‘स्थानिक कारागिरांच्या सहकार्याने’. हे स्थानिक कारागीर म्हणजे आमच्या वाड्यावरचे मेस्त, म्हणजे मिस्त्री. चुना भिजवून मुरवला त्यांनी, पांढऱ्या गिलाव्यावर तांबडा थर चढवला त्यांनी, आणि तो थर ओला आहे तोवरच लोखंडी टोकाने खरवडून खालचा पांढरा चुना उघडा केला तोही त्यांनीच. या कामात खोडून पुन्हा काढणे नसते. थर सुकला की संधी संपली. उद्घाटनाच्या संध्याकाळी रचनाकार त्या भिंतीवर हात ठेवून मातीशी झालेल्या आपल्या संवादाविषयी मुलाखत देत होते, आणि इस्त्रीचा सदरा घालून पत्नीसह आलेल्या मेस्तांना सुरक्षारक्षकाने दारातच अडवले होते, कारण त्यांच्याकडे नोंदणी नव्हती. स्वतः घातलेल्या भिंतीकडे जायला या माणसाला माझी शिफारस लागली! आत गेल्यावर त्यांनी पाटीकडे बोट दाखवून काय लिहिले आहे ते मला विचारले, आणि मला ते वाचून दाखवावे लागले. “आसूं दी,” एवढेच ते म्हणाले.

मी मात्र आयोजकांना विचारले. लोककला सामूहिक असते, तिच्यात व्यक्तीचे नाव नसते, असे मला समजावण्यात आले. कोणी सांगितले तुम्हाला हे? चवथीच्या आधी कोणत्याही गावात जाऊन विचारा. कोणती मूर्ती कोणाच्या चित्रशाळेतली, कोणाच्या हातचे डोळे, हे शाळकरी पोरही सांगते. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधतात, तिच्या कला आणि संस्कृती संचालनालयाच्या स्पर्धेचे निकाल लागतात, तेव्हा रानातली फळे बांधणाऱ्यांची नावे वर्तमानपत्रात छापून येतात. दिवाळीला नरकासुराचा पुतळा करणाऱ्या पोरांच्या मंडळालासुद्धा नाव असते. जुन्या देवळांतल्या कावीच्या भिंतींवर नावे नाहीत, हे खरे. पण तिथे दुसऱ्या कोणाचेही नाव नाही. तुमच्या भिंतीवर सहा नावे आहेत, फक्त ती घालणाऱ्याचे नाही. याला परंपरा म्हणू नका, ही सरळसरळ चोरी आहे, आणि ती तुम्ही आमच्याच गावात, आमच्याच चिऱ्यांवर, आम्हालाच दाराबाहेर उभे करून करता. वर आम्हाला समकालीन कला कळत नाही, अशी तक्रारही करता. आम्हाला कळेल अशा भाषेत तुम्ही एक ओळ तरी लिहिली आहे का? ध्वनियोजनाकाराला मानधन वेळेवर मिळते आणि मेस्तांच्या रोजाचे उरलेले पैसे ‘पुढच्या आठवड्यात’ ढकलले जातात, हा कोणता अवकाश आणि कोणते विस्थापन?

प्रदर्शन अजून काही दिवस चालू आहे. पणजीत छापखान्यांना तोटा नाही आणि पाटी तासाभरात छापून मिळते. मेस्तांचे नाव सर्वांत वर घाला, ते देवनागरीतही लिहा, त्यांचे राहिलेले पैसे चुकते करा, आणि दारावरच्या माणसाला सांगा की त्यांना पुन्हा अडवायचे नाही.