शॅम्पेनचा भाव नाशिकला लावून कसं चालेल?

द्राक्षांचा हंगाम आला की एक मेसेज हमखास फिरतो: ‘फ्रान्समध्ये वाइनच्या द्राक्षाला किलोला 600 रुपये, नाशिकला 45. तिकडे सरकार भाव बांधून देतं, इकडे वायनरीवाले लुटतात.’ खाली देशोदेशीच्या भावांचा तक्ता.

600 रुपये हा शॅम्पेन या एका प्रदेशाचा भाव आहे, अख्ख्या फ्रान्सचा नव्हे. तिथे किलोला सहा युरोंच्या वर मिळतात, हे खरंच आहे. पण 2024 मध्ये विक्रीच्या वाइनसाठी हेक्टरी द्राक्षांची मर्यादा होती 10,000 किलो, म्हणजे एकरी जेमतेम चार टन. तोडणी हातानेच, यंत्राला बंदी. मजुराचं किमान वेतन तासाला साडेअकरा युरोंहून जास्त आणि बागेची जमीन हेक्टरी दहा लाख युरोंच्या घरात. मेसेजवाले भाव तेवढा उचलतात, खर्च तिकडेच ठेवून येतात.

सरकार भाव बांधून देतं? नाही. भाव ठरतो बागायतदार आणि शॅम्पेन कंपन्यांच्या करारात. दोघांची मिळून जी संस्था आहे, ती दरवर्षी उत्पादनाची मर्यादा ठरवते.

देशाचा म्हणून एक भाव असतो, हीच मुळात गफलत. कॅलिफोर्नियातच बघा. 2023 मध्ये नापा खोऱ्यातल्या कॅबरने सोव्हिन्याँ या वाइनच्या द्राक्षाला टनाला सरासरी 8,000 डॉलरहून जास्त मिळाले, त्याच राज्यात फ्रेस्नोकडच्या द्राक्षांना काहीशे. (अमेरिकन टन 907 किलोंचा, तक्ते बनवणारे हेही विसरतात.) आणि परदेशातला शेतकरी मजेत असतो म्हणणाऱ्यांनी ऑस्ट्रेलियाच्या रिव्हरलँडकडे बघावं. 2020-21 मध्ये चीनने ऑस्ट्रेलियन वाइनवर जबर आयातशुल्क लावलं, लाल वाइन टाक्यांत साठत गेली. 2024 मध्ये शुल्क उठलं, तरी त्या वर्षी शिराझ (लाल वाइनची द्राक्षं) टनाला 300 ऑस्ट्रेलियन डॉलरच्या खाली होती. म्हणजे किलोला 17 रुपयेसुद्धा नाहीत. मेसेजमधल्या नाशिकच्या निम्म्याहून कमी!

आता तो तक्ता. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या उत्पादक भावांत ‘द्राक्ष’ हा एकच रकाना आहे. खायची, बेदाण्याची, वाइनची सगळी त्यातच. भारताचा आकडा म्हणजे मुख्यतः खायच्या द्राक्षांचा. त्या बागेत गोडी छाटणीनंतर (फळासाठीच्या छाटणीनंतर) विरळणी, म्हणजे घडातले जादा मणी काढणं, येते, मणी फुगवायला घड जीएच्या (जिबरेलिक ॲसिड या वाढीच्या संप्रेरकाच्या) द्रावणात बुडवावे लागतात, मजुरी त्यातच जाते. वाइनला मणी लहानच बरा, कारण लाल वाइनचा रंग सालीतून येतो आणि लहान मण्यात रसाच्या मानाने साल जास्त. दोन वेगळ्या पिकांचे भाव शेजारी मांडून लूट कशी सिद्ध होणार?

नाशिकच्या बागायतदाराची तक्रार खोटी आहे, असं मी म्हणत नाही. तिचा हिशेब करायचा तर दिंडोरी-निफाडच्या एकरी खर्चावर करा, आणि करार वाचा. दर ब्रिक्सवर (रसातल्या साखरेच्या मापावर) असेल तर साखर कोण मोजतं, बागेत की वायनरीच्या दारात, नमुन्याचे घड कोण निवडतं, आणि माल नाकारला तर ट्रॉलीचं भाडं कोणाच्या खिशातून जातं?