पाटीला पेन लावू नका

‘पैदाशीची पाट (अजून न व्यालेली तरुण शेळी) निवडायला डॉक्टर कशाला? हे पाच नियम पाळा,’ असा एक मेसेज सध्या शेळीपालनाच्या गटांमधून फिरतोय. शहापूर-मुरबाड-भिवंडीकडच्या गटांत कोणी ना कोणी तो पुन्हा पुन्हा टाकतंच. मी दुर्लक्ष केलं असतं, पण तो मुरबाडच्या मावशीकडून आला आणि सोबत तिचा आवाज: “अरे, आपल्या पाटी आता बोकडाला लावायच्यात. ते पेनाचं करून बघू का?” मी पशुवैद्यक आहे. ठाण्यात दिवसभर कुत्री-मांजरंच समोर येतात, तरी शेळी विसरलेलो नाही. म्हणून हे सविस्तर उत्तर, मावशीला आणि तो मेसेज पुढे ढकलणाऱ्या सगळ्यांना.

आधी नियम सांगतो. चार महिन्यांच्या पाटीच्या निरणात (योनीच्या तोंडात) पेन घालून बघा, अर्धं गेलं नाही तर ती वांझ. बोकडाबरोबर जुळी जन्मलेली पाट घेऊ नका. भुंडा (जन्मतः बिनशिंगी) बोकड आणि भुंडी शेळी हीच जोडी उत्तम. पाट माजावर येत नसेल तर मेडिकलमधून माजाचं इंजेक्शन आणून टोचा. आणि सहाव्या महिन्यातच बोकडाकडून भरवून टाका, खोट असेल तर आपोआप दिसते.

पेनापासून सुरुवात करू, कारण आज ना उद्या कुठल्या तरी गोठ्यात ते खरंच घातलं जाणार आहे. चार महिन्यांच्या करडाचा योनिमार्ग अरुंद असतो, त्याचं अस्तर नाजूक असतं आणि लघवीचं भोकही आत त्याच मार्गाच्या तळाशी उघडतं. तिथे टणक, कडा असलेली, खिशातून काढलेली वस्तू घातली तर अस्तर फाटतं, जखम चिघळते आणि भरताना आतल्या भिंती एकमेकींना चिकटूही शकतात. म्हणजे चांगली पाट तुम्ही स्वतःच्या हाताने वांझ केली. वर मेसेज म्हणतो की पेन गेलं नाही तर ती आधीपासूनच वांझ होती! घाबरलेली पाट अंग आखडून धरते, पेन आडवं लागतं, ते जाणार कसं?

यात अर्धं सत्य आहे, तेही नाइलाजाने सांगतो. जन्मजात दोष असलेल्या मादीचा योनिमार्ग आखूड असू शकतो. वासरांमध्ये पशुवैद्यक बोथट टोकाची, निर्जंतुक, वंगण लावलेली नळी वापरून तो अंदाज घेतात. शेळीतही योग्य मापाची नळी घेऊन हे करता येतं. पण ते शिकलेल्या हाताचं काम आहे आणि निदान एवढ्या एकाच गोष्टीवर करत नाहीत.

घरच्या माणसाने करायची तपासणी डोळ्यांची आणि बोटांची आहे, तीही बाहेरूनच. शेपूट उचला. निरण कळपातल्या इतर पाटींसारखं दिसतंय का? गुदद्वारापासून ते नेहमीपेक्षा लांब, खाली सरकलेलं आहे का? त्याच्या खालच्या टोकाशी वाटाण्याएवढी गाठ बाहेर डोकावतेय का? जांघेत किंवा कासेच्या जागी गोळे हाताला लागतात का? मान बोकडासारखी जाड, अंगाला बोकडाचा वास, इतर शेळ्यांवर सारखं चढणं, असं काही आहे का? शेवटच्या लक्षणावर एकट्याने विसंबू नका, कारण माजावरची धडधाकट शेळीही दुसरीवर चढते. सड दोनच आणि सारखे आहेत ना, हेही त्याच वेळी बघून घ्या. जादा किंवा जोडलेले सड पुढच्या पिढीत उतरतात. संशय आला तर डॉक्टर, सोनोग्राफी. 1962 या क्रमांकावर सरकारी फिरता पशुचिकित्सा दवाखाना बोलावता येतो.

आता भुंड्या जोडीचं. मेसेजखाली एका विक्रेत्याचा नंबर आहे आणि तो ‘सानेन क्रॉस, भुंडी जोडी’ विकतो. हा नियम का लिहिला ते तिथेच कळतं. शिंगं नसली की शेळ्या एकमेकींना भोसकत नाहीत, जाळीत अडकत नाहीत, हे मान्य. पण शेळ्यांमधल्या जन्मजात वांझपणाचं सगळ्यात चांगलं अभ्यासलेलं कारण नेमकं हेच आहे: भुंड्याशी भुंडी लावणं. अशा जोड्यांतून ना धड नर ना धड मादी अशी करडं निघतात, याचा शिंगं नसण्याशी संबंध असल्याचं 1940च्या दशकापासून छापून आलेलं आहे. 2001 साली फ्रेंच संशोधकांच्या गटाने ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये त्याचं मूळ दाखवलं. या शेळ्यांच्या डीएनएमधला 11.7 हजार अक्षरांचा एक तुकडा गायब असतो. आईबापांपैकी एकाकडून असा डीएनए आला तर करडू भुंडं होतं, एवढंच. दोघांकडून आला तर मादी करडाचं अंडाशय घडवणारं फॉक्सएल2 हे जनुक वेळेवर चालू होत नाही आणि त्या जागी वृषणासारखी ग्रंथी तयार होते.

याचा हिशोब मावशीलाही जमेल. दुहेरी दोषाची, म्हणजे आईबाप दोघांकडून तो डीएनए आलेली, मादी वितच नाही, म्हणून व्यालेली भुंडी शेळी नेहमी एकेरी असते. तिला एकेरी भुंडा बोकड लावला तर चार मादी करडांमागे सरासरी एक बिघडलेलं. बोकड दुहेरी निघाला तर निम्मी. शिवाय काही दुहेरी बोकडांच्या वीर्यनलिका तुंबतात आणि ते स्वतःच निकामी होतात. यातली काही करडं बाहेरून इतकी नरासारखी दिसतात की मालक म्हणतो, यंदा बोकडच जास्त झाले.

हे संशोधन सानेन, अल्पाइनसारख्या युरोपीय दुधाळ जातींवर झालं, म्हणजे ‘सानेन क्रॉस’ घेणाऱ्याने आधी घाबरावं. आपल्या उस्मानाबादी जातीत बोकड बहुतेक शिंगवाले आणि माद्या शिंगवाल्या किंवा भुंड्या असतात, त्यामुळे तिथे शिंगवाला बोकड ठेवायला वेगळे पैसे पडत नाहीत. जोडीतलं एक जनावर शिंगवालं, बस. आणि लहानपणी शिंगं डागलेला बोकड म्हणजे भुंडा नव्हे. त्याच्या रक्तात शिंगं आहेतच. डोक्यावर डागाची खूण बघा.

जुळ्यांचा नियम गाईचा आहे, कोणीतरी उचलून शेळीला चिकटवलाय. गाईला नर-मादी जुळं झालं तर दहातल्या नऊहून जास्त कालवडी वांझ निघतात, कारण पोटात दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या जुळतात. शेळीत हे होतं, पण क्वचित. उस्मानाबादीला जुळी होणं ही रोजची गोष्ट आहे. हा नियम खरा असता तर मराठवाड्यात शेळी उरली नसती. उलट जुळ्यातली पाट मुद्दाम ठेवावी, आईचा गुण येण्याची शक्यता असते.

इंजेक्शनवर मात्र मला राग आहे. माजासाठी सर्रास दिलं जातं ते प्रोस्टाग्लँडिन. शेळीचा गाभ सुरुवातीपासून शेवटपर्यंत अंडाशयावरच्या पीतपिंडावर टिकतो आणि हे औषध तोच पिंड मोडतं. पाट कळपातल्या एखाद्या बोकडाकडून गुपचूप गाभण राहिली असेल तर ती गाभडणार. जिला अंडाशयच नाही तिच्यावर काहीच परिणाम होणार नाही. शिवाय हे औषध माणसाच्या कातडीतून शरीरात जातं. गरोदर बाईने आणि दमेकऱ्याने त्या बाटलीला हातही लावू नये. मावशी, तुझ्या सुनेला सातवा लागलाय. पाट माजावर येत नाही याचं नेहमीचं कारण वजन आणि जंत असतं. आधी काटा, मग लेंडीची तपासणी.

सहाव्या महिन्यात भरवण्याबद्दल एवढंच: प्रौढ वजनाच्या 60 ते 70 टक्के झाल्याशिवाय बोकड दाखवू नये. कोवळी पाट विताना अडते, कधी करडू जातं, कधी दोघं. खोट शोधायची ही पद्धत असेल तर खर्च कोणाचा?

तपासणीत एखादी पाट अशी ना धड नर ना धड मादी निघालीच तर तिला औषधं पाजत बसू नका. ती आजारी नसते, मटणासाठी वाढवता येते. काही जण अशी शेळी मुद्दाम कळपात ठेवतात, कारण माजावरची शेळी ती बोकडासारखी बरोबर हुडकते आणि कोणाला गाभण करू शकत नाही. मावशी, तुझ्या पाटींपैकी पांढरी त्या विक्रेत्याकडचीच आहे. तिचं शेपूट उचलून, चांगल्या उजेडात एक फोटो काढून पाठव. तोवर तिला लावू नकोस.