रो-मॅन आणि मंडपवाले भाऊ

काल कोजागिरी झाली आणि आज सकाळपासून गावातली पोट्टी मला 'वानेर सर' म्हणत आहेत. दुधासोबत सिनेमा दाखवायचा बेत माझा, पेनड्राइव्ह माझा, प्रोजेक्टरचं भाडं माझ्या खिशातलं. मोबदल्यात हे नाव.

सिनेमा १९५३चा, 'रोबॉट मॉन्स्टर'. दिग्दर्शक फिल टकरकडे यंत्रमानव बनवायला पैसे नव्हते. म्हणून त्याने जॉर्ज बॅरोज नावाचा, गोरिलाचा स्वतःचा पोशाख असलेला नट गाठला आणि त्याच्या डोक्यावर पाणबुड्याचा टोप चढवला. झाला परग्रहावरचा रो-मॅन! याने म्हणे आठ माणसं सोडून सगळी मानवजात संपवली. चार दिवसांत, सोळा हजार डॉलरांच्या आसपास उरकलेलं हे काम. पण नट एकदाही हसत नाही, सगळं जीव तोडून करतो. मला त्याचंच अप्रूप.

पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत हे कळेल याची मला खात्री होती. दिवाळी सरली की वडशाच्या कंपन्यांची नाटकं रात्र-रात्र जागून पाहणारी, रंगवलेल्या पडद्यापुढे पदराने डोळे पुसणारी ही माणसं.

पण माझ्या शेजारी मंडपवाले भाऊ येऊन बसले.

"सर, हे का होय जी?"

"परग्रहावरून आलाय, भाऊ."

"मंग अंगावर एवढे केस काहून?"

"रोबॉट करायला पैसे नव्हते."

"पैसे नव्हते तं केस काहून लावले? बिनकेसाचा सस्ता पडला असता."

याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. पोशाख नटाचा स्वतःचा होता म्हटल्यावर मात्र भाऊ सावरून बसले. "सोताचं सामान? मंग तं ड्रेसचं भाडं अलग घेतलं असन." थोड्या वेळाने रो-मॅनचा वरचा साहेब पडद्यावर आला. तोही बॅरोजच, त्याच पोशाखात. भाऊंनी ते बरोबर पकडलं. "सर, साहेब बी हाच! एका ड्रेसात दोन पार्ट. माणूस हुशार आहे जी."

मी जरा सुखावलो, आणि तिथेच घात झाला. रो-मॅनच्या गुहेत टेबलावर एक यंत्र आहे, त्यातून साबणाचे बुडबुडे निघतात. श्रेयनामावलीत त्या यंत्राचं नावसुद्धा आहे. भाऊ ताडकन उठले, थेट प्रोजेक्टरच्या उजेडात.

"थांबव रे!"

प्रोजेक्टरवाला त्यांचाच भाचा. थांबला.

"हे मशीन आपल्यापाशी आहे! नवरदेवाच्या एन्ट्रीले लावतो. याच्यात साबणच कमी आहे, बुडबुडे पाहा कसे मेल्यावानी निघतात. जाय रे, गोडाऊनातून आपलं आण!"

आणलं. सिनेमा पुन्हा सुरू झाला आणि पडद्यापुढे खरे बुडबुडे उडू लागले. लेकरं रो-मॅनला सोडून त्यांच्यामागे धावली. दोन-चार बुडबुडे दुधाच्या गंजात फुटले, तर बायांनी माझ्याकडे रागाने पाहिलं. माझ्याकडे! सिनेमाचं संगीत एल्मर बर्नस्टाइनचं आहे, ज्याने पुढे १९५६च्या 'द टेन कमांडमेंट्स'ला संगीत दिलं. त्यातला एक सूर कोणाच्या कानावर पडला असेल तर शपथ.

पुरुषमंडळी तर आधीच उठून गेली होती. कृषिपंपाची लाइन या आठवड्यात रात्रीची, धान भरात, पाणी सोडायला हवं. सापाकिरड्याच्या बांध्यांत माणसाने रात्रीच का जावं, हे वीज देणाऱ्यांना कोणी विचारत नाही. गोरिल्याला केस का, हे मात्र मला सगळे विचारतात.

सकाळी चहाच्या टपरीवर भाऊंनी बिल हातात ठेवलं. प्रोजेक्टर, पडदा, आणि खाली 'बुडबुडे मशीन, १ नग'.

"हे मी सांगितलंच नव्हतं, भाऊ."

"सर, तुमचं पिक्चर पाह्यलं कोणं? पोट्ट्यायनं बुडबुडेच पाह्यले ना जी."

टपरीवरचे सगळे हसले. मशीनचे पैसे मी देणार नाही, मग भाऊ कोणाकडेही जावोत. त्यात साबण वेगळा लावला आहे.