लॅमिनेट फ्लोअरिंग वॉटरप्रूफ नाही आणि अस्सल लाकूडही नाही

गणपती झाले की सांगलीतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला तिघांनी पाठवला आणि तिघांनीही विचारलं, "दिवाळीआधी करून घेऊ का?" मेसेज असा: 'लॅमिनेट फ्लोअरिंग! अस्सल लाकूड, शंभर टक्के वॉटरप्रूफ, जुन्या फरशीवर थेट, एका दिवसात काम, २५ वर्षं देखभाल शून्य.' मी विश्रामबागेत सुतारकाम करतो आणि हे फ्लोअरिंग स्वतः बसवतो. माल चांगला आहे, योग्य खोलीत बसवला तर खोलीचं रूप पालटतं. पण या मेसेजवर विसंबून लोक पैसे पाण्यात घालतात, ते बघवत नाही.

'अस्सल लाकूड' इथूनच चूक सुरू होते. पट्टी आडवी कापून बघा. तळाला तोल सांभाळणारा पातळ थर, त्यावर एचडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू रेझिनमध्ये दाबून केलेला पाट. त्यावर लाकडाच्या रेषा छापलेला कागद आणि सगळ्यात वर मेलामाइनचा पारदर्शक थर. आपण ज्याला सनमायका म्हणतो त्याचाच हा जमिनीवरचा भाऊ. स्वीडनमधल्या पेरस्टॉर्प कंपनीने तो १९७७ मध्ये काढला. सागाच्या फळीवर ओरखडा आला तर रंधा मारून पॉलिश करता येतं. इथे वरचा थर घासला की खाली कागदच लागतो. आणि वाळवीला छापलेला कागद फसवत नाही, ती एचडीएफ आवडीने खाते.

इथेच एक सांगून ठेवतो. दुकानात सगळे जाडी विचारतात, ८ मिलिमीटर की १२. ओरखडे सोसण्याची ताकद जाडीवर नसते, ती एसी ग्रेडवर, म्हणजे वरच्या थराच्या झीज सोसण्याच्या दर्जावर असते. बेडरूमला एसी ३ पुरतं, हॉलला एसी ४ घ्या. बॉक्सवर छापलेलं असतं, वाचून घ्या.

आता 'शंभर टक्के वॉटरप्रूफ'. हे वाक्य सगळ्यात महाग पडतं. एसपीसी नावाचा वेगळा माल मिळतो, त्याचा गाभा चुनखडीची पावडर आणि पीव्हीसीचा असतो, तो पाण्याने फुगत नाही. मेसेज लिहिणाऱ्याने त्याचा गुण लॅमिनेटला चिकटवलाय. चांगल्या लॅमिनेटवर 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ वरून सांडलेलं पाणी ठरावीक तास सांध्यांत शिरत नाही, एवढाच. दुकानदाराकडून नमुन्याचा तुकडा मागा, कापलेली कड रात्रभर वाटीभर पाण्यात बुडवून ठेवा आणि सकाळी बोटाने चाचपा. एचडीएफ एकदा फुगलं की वाळल्यावरही मूळ जाडीवर येत नाही. त्यामुळे स्वयंपाकघर, मोरीलगतची जागा आणि जिथे रोज अभिषेक होतो तो देव्हाऱ्याचा कोपरा यातून वगळा.

आणि आपल्या गावात पाणी फक्त वरून येत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या पुरानंतर शहाबादी फरशी लोकांनी गाळ काढून, धुऊन पुन्हा वापरली. लॅमिनेटच्या बाबतीत ते होणार नाही, सगळं उचलून टाकावं लागेल. नदीकाठच्या गावभागात किंवा सांगलवाडीत तळमजल्यावर राहणाऱ्या कुणी विचारलं, तर मी काम सोडतो पण हो म्हणत नाही.

पूर न येणाऱ्या भागातही तळमजल्याला ओल असते. 'जुन्या फरशीवर थेट' म्हणणाऱ्याने शहाबादीच्या सांध्यांतून पावसाळ्यात वर येणारा दमटपणा पाहिलेला नसावा. दोन बाय दोन फुटांचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा फरशीवर चारी बाजूंनी टेपने चिकटवा आणि दोन दिवसांनी उचला. खाली थेंब दिसले किंवा फरशी काळपट झाली, तर तिथे लॅमिनेट नको. ही परीक्षा ऑगस्टमध्ये करा, एप्रिलमध्ये प्रत्येक घर पास होतं. परीक्षा पास झाली तरी सिमेंट-फरशीवर आधी जाड पॉलिथिन, मग दोन-तीन मिलिमीटरचा फोम, असाच क्रम हवा. मऊ वाटावं म्हणून फोमचे दोन थर घालू नका, पाय पडला की पट्ट्या दबतात आणि त्यांना एकमेकींत अडकवणारी लॉक तुटतात.

फरशी सपाटही हवी. दोन मीटरची सरळ पट्टी आडवी-उभी ठेवून बघायची, खाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त पोकळी दिसली तर तो खळगा आधी भरून घ्यायचा. जुन्या घरांत मोरीकडे दिलेला ढाळ चालतो, खळगा चालत नाही.

'एका दिवसात' याबद्दल थोडक्यात: बंद बॉक्स त्याच खोलीत किमान ४८ तास आडवे ठेवायचे असतात, म्हणजे पट्ट्या तिथल्या हवेला सरावतात. बसवायला एक दिवस पुरेल, पण काम तीन दिवसांचंच धरा.

याच घाईत भिंतीकडची फट विसरली जाते. मागच्या जूनमध्ये एका दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मला बोलावलं. हॉलच्या मधोमध फ्लोअरिंग तंबूसारखं उचललं गेलं होतं. घरातल्या काकू रडकुंडीला आल्या होत्या, त्यांना वाटलं माल खोटा निघाला. माल ठीक होता. आधीच्या बसवणाऱ्याने पट्ट्या भिंतीला टेकवून ठोकल्या होत्या आणि वरून टीव्ही युनिट स्क्रूने जमिनीला आवळलं होतं. पावसाळ्यात एचडीएफ हवेतला ओलावा घेऊन पसरतं, मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात आकसतं. त्याला हलायला चारी भिंतींशी आणि दाराच्या चौकटीशी ८ ते १० मिलिमीटर जागा लागते, ती स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावतात त्या पट्टीखाली झाकली जाते. स्कर्टिंग भिंतीला ठोकायचं, फ्लोअरिंगला नाही. मी स्क्रू काढले, कडा कापल्या. आठवड्याभरात बरंचसं खाली बसलं, पण दोन सांध्यांची लॉक गेली होती ती गेलीच.

'२५ वर्षं देखभाल शून्य' यात तथ्य एवढंच, की पॉलिश लागत नाही. बाकी सवयी बदलाव्या लागतात. मऊ झाडू, आणि घट्ट पिळलेलं मायक्रोफायबरचं फडकं. बादलीत फिनाईल घालून पोछा, स्टीम मॉप, मेण, हे तिन्ही बंद. दाराबाहेर आणि आत पायपुसणं ठेवा, कारण चपलेबरोबर येणारी वाळूच सगळ्यात जास्त ओरखडे काढते. खुर्च्या-पलंगांच्या पायांना फेल्ट लावा. दसऱ्याला घर धुवून काढायची पद्धत असेल, तर घरातल्या सगळ्यांना आणि कामाला येणाऱ्या मावशींनाही आधी सांगून ठेवा की या खोलीत पाणी ओतायचं नाही. आणि खरेदी करतानाच एक बॉक्स जादा घेऊन माळ्यावर ठेवा. दोन वर्षांनी एखादी पट्टी बदलायची वेळ आली, की तीच छटा दुकानात सहसा मिळत नाही.