खोंडाचे दात आणि सर्जनचा हात

माझा मेव्हणा आटपाडीकडचा. खरसुंडीच्या जत्रेत खिलार खोंड घ्यायचं म्हटलं की तो दोन दिवसांच्या भाकरी बांधून जातो. जबडा उघडून दात मोजणार, अंगावरचे भोवरे बघणार, खूर दाबणार, चालवून आणि पळवून बघणार. मालक चहाला गेला की शेजारच्या दावणीवाल्याला हळूच विचारणार, "मारकं हाय का वो?" एवढं झाल्यावर रुमालाखाली बोटं धरून सौदा. हाच मेव्हणा माझ्या पोटाच्या ऑपरेशनचा विषय निघाला तसा म्हणाला, "दाजी, विश्रामबागच्या चौकात केवढा बोर्ड लागलाय बघा. तिथंच टाकू." टाकू म्हणजे मला.

आधी मला राग आला, पण विचार केल्यावर पटलं. खोंड वाईट निघालं तर पुढच्या जत्रेत विकावं लागतं, म्हणून पारख लागते. पोट काही आपल्याला विकायचं नाही. मग पारख कशाला?

तर वजन उतरवायच्या ऑपरेशनसाठी सर्जन कसा निवडावा, हे मी आता तुम्हाला सांगतो. अनुभवाचे बोल आहेत, आणि अनुभव १२४ किलोचा आहे. हा आकडा मार्केट यार्डातला. घरचा काटा १२० ला दमतो आणि पुढे नुसत्या रेघा दाखवतो. शेवटी मित्राच्या हळदीच्या अडतीत जाऊन तोलाईच्या काट्यावर उभा राहिलो. हमाल म्हणाला, "मालक, हलू नका, माल सांडंल." अडत्याने सवयीने पट्टी लिहायला घेतली होती, मी पेन धरलं. उंची १६८ सेंटीमीटर. किलोला मीटरच्या वर्गानं भागलं की बीएमआय निघतो. माझा ४४ च्या जवळ भरला. विमा कंपन्यांच्या कलमात बीएमआय ४० असेल, किंवा ३५ असून सोबत आवाक्यात न येणारी साखर, हृदयाचा आजार, झोपेत श्वास अडकणं असलं काही जडलेलं असेल, तर दार उघडतं. म्हणजे मी कशाचाही आधार न घेता स्वतःच्या हिमतीवर पात्र ठरलो. आयुष्यात पहिल्यांदा कशात तरी डिस्टिंक्शन.

आता बोर्ड. सर्जनची लायकी बोर्डाच्या चौरस फुटांवर ठरते. डॉक्टरनं जाहिरात करू नये असं भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत लिहिलेलं आहे, पण ते बोर्ड रंगवणाऱ्याला कुठे माहीत असतं! बोर्डावर दोन फोटो हवेत. आधीच्या फोटोत माणूस कर्जबाजारी झाल्यासारखा उभा, नंतरच्या फोटोत जुन्या पँटच्या एकाच पायात दोन्ही पाय घालून हसतोय. नंतरचा फोटो दीडेक वर्षाचा असतो, वजन सगळ्यात उतरलेलं असतं तेव्हाचा. पाच वर्षांनंतरचा फोटो मागू नका. तोवर पावसानं बोर्ड फाटलेला असतो, आणि पँटही पुन्हा बसायला लागलेली असू शकते.

पदवी वाचायच्या भानगडीत पडू नका. नावापुढे जितकी अक्षरं तितका माणूस मोठा, मग त्यातली किती परीक्षा देऊन मिळाली आणि किती दोन दिवसांच्या शिबिरातून आली, हे कशाला उकरायचं? महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नोंदणी तपासता येते. मटणाच्या दुकानात बोकडाचं की बकरीचं यावर आपण याहून जास्त वेळ हुज्जत घालतो. पण ते मटण असतं, त्यात चव बिघडू शकते.

शिवाय आपण पडलो मिरज-सांगलीचे. १८९४ साली वानलेस साहेबांनी मिरजेत मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून कर्नाटकातली माणसंसुद्धा गाडीत बसून इथे दुखणी घेऊन येतात. मिरजेच्या मातीत सतार आणि सर्जन आपोआप उगवतात, अशी आपली ठाम समजूत आहे. सतार घेताना मात्र आपण भोपळ्यावर टिचकी मारून बघतो. ही सवय दवाखान्यात नेऊ नका.

एकाच ऑपरेशनवर चालणारा सर्जन उत्तम. चौकातल्या गाड्यावर एकच पदार्थ मिळतो, म्हणून तो ताजा असतो, तसंच हे. या ऑपरेशनचे मुख्य प्रकार दोन, स्लीव्ह आणि बायपास. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण हिस्सा किंवा थोडा जास्तच कापून बाहेर काढतात, उरते ती केळ्यासारखी नळी. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची पिशवी ठेवतात, म्हणजे अर्धा कटिंग चहाही ज्यात मावणार नाही अशी, आणि खालचं आतडं वर आणून तिला जोडतात. काही डॉक्टर भलतेच घोळ घालतात. विचारतात, रात्री छातीत जळजळ होते का? कारण स्लीव्हनंतर ती वाढू शकते. मग आधी दुर्बीण घालून बघू, साखर किती वर्षांची ते बघू, मग कोणतं करायचं ते ठरवू. अशा माणसाकडे वेळ फार असतो, म्हणजे पेशंट कमी असणार. निघा तिथून. स्लीव्हमध्ये काढलेलं जठर परत बसवता येत नाही, पण म्हणून काय आधी विचार करत बसायचा?

आता मुख्य मुद्दा, रविवारचे सर्जन. आमच्याकडे मोठं नाव नेहमी बाहेरून येतं. सकाळी उतरतात, दुपारपर्यंत चार पोटं उरकतात, रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस पकडून मुंबईला. काय तो झपाटा! त्यांना भेटायचा आग्रह धरू नका. ऑपरेशनआधी पाच मिनिटं दिसले तरी पुष्कळ, तीही तुम्ही स्ट्रेचरवर आडवे असताना, म्हणजे चेहरा उलटा दिसतो आणि नंतर ओळख लागत नाही.

तुम्ही म्हणाल, मंगळवारी रात्री काही झालं तर? शिवलेल्या जागेतून गळती झाली, ज्याला हे लोक लीक म्हणतात, तर ती पहिल्या काही दिवसांत, कधी आठवड्या-दोन आठवड्यांनी उघडकीला येते. पोट दुखायच्या आधी नाडी पळायला लागते. १२० च्या वर जाते, ताप येतो, डावा खांदा उगाच ठणकतो. पण मंगळवारी रात्री दोन वाजता तिथे रात्रपाळीचा एक पोरगा असतो की! तो तुमच्या खांद्याला मलम लावेल. "गॅस असेल काका," असं म्हणेल. तो मोठ्या डॉक्टरांना फोन लावेल, आणि मोठे डॉक्टर तेव्हा दुसऱ्या गावात चार पोटं उरकून झोपलेले असतील. सीटी स्कॅन रात्री होतो का, आयसीयू याच इमारतीत आहे की अँब्युलन्समधून न्यायचं, पुन्हा पोट उघडायची वेळ आली तर कोण उघडणार, हे प्रश्न अपशकुनी आहेत. लग्नाच्या बोलणीत कुणी घटस्फोटाचं विचारतं का?

सर्वांत असभ्य प्रश्न म्हणजे, "डॉक्टर, अशी किती केलीत?" मोजणी ही बेदाण्याची करायची गोष्ट. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये काही उचापती लोकांनी हा असभ्यपणा पुरता केला. २० सर्जननी आपापल्या गॅस्ट्रिक बायपासचं चित्रीकरण दिलं, आणि कुणाचा हात कोणता हे न कळवता इतर सर्जनकडून त्या हाताला गुण देववले. २०१३ साली निकाल छापला. वरच्या गटातल्या सर्जनच्या पेशंटना गुंतागुंत ५.२ टक्के, तळाच्या गटातल्यांच्या पेशंटना १४.५ टक्के. पदव्या घेतलेले सगळेच, फरक हातात. आता सांगा, ही माहिती कळून आपल्याला काय फायदा झाला? झोप तेवढी गेली.

पॅकेज घ्या. पॅकेज हा शब्द ऐकला की पोटाला गारवा वाटतो. औषधं, खोली, जेवण, सगळं धरून. जेवणाचे पैसे धरलेत, हे विशेष, कारण ऑपरेशननंतर दोन आठवडे तुम्हाला पातळ पाण्यावर राहायचंय. जठर कापून शिवायला जो स्टेपलर वापरतात त्याची कार्ट्रिजेस एका स्लीव्हला साधारण पाच-सहा लागतात आणि खर्चाचा मोठा भाग तिथेच असतो. ती कोणत्या कंपनीची, नवी की कुणाच्या पोटातून जाऊन आलेली, पाकीट तुमच्यासमोर फोडणार का, असं विचारू नये. शेजारच्या दवाखान्यापेक्षा साठ हजार कमी कशात पडले, हे शोधणारा माणूस कृतघ्न.

एवढा विश्वास सर्जनवर टाकल्यावर आपणही त्याच्याशी तितकंच प्रामाणिक वागायला हवं, म्हणजे काही सांगायचं नाही. तंबाखूचं विचारलं तर, "कधीतरी." हा कधीतरी दर तासाला येतो, हे खिशातली चुन्याची डबी सांगतेच. जखम भरायला निकोटीन आडवं येतं, पण जखम भरणं हे डॉक्टरांचं काम. घोरता का, असं विचारलं तर ठाम नाही म्हणा, कारण हो म्हटलंत तर झोपेची तपासणी मागे लागते आणि भूल देणारा डॉक्टर उगाच सावध होतो. बायको सांगेल अशी भीती असेल तर तिला बाहेर बसवा. ऑपरेशनआधी पंधरा दिवस मोजून-मापून खायला सांगतात, म्हणजे जठरावर आडवं पडलेलं चरबीचं यकृत आक्रसतं आणि सर्जनला आत जागा मिळते. त्यात भडंग चालतं. भडंग हलकं असतं, पोत्यानं उचललं तरी हलकंच.

आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ ही मंडळी म्हणजे वरातीतले बँडवाले. नसले तरी लग्न लागतंच. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व हे जन्मभर घ्यायचं आणि ठरावीक मुदतीनं रक्त तपासायचं, असं जो सर्जन पहिल्याच भेटीत सांगतो त्याला धंद्याचं कळत नाही. गिऱ्हाइकाला घोड्यावर बसायच्या आधी कुणी हप्ते सांगतं का?

मग संमतीपत्र. सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये म्हटलंय की पेशंटला धोके कोणते, दुसरा पर्याय काय, काहीच केलं नाही तर काय होईल, हे पुरेसं सांगून घेतलेली संमती हीच खरी. आपल्याकडे ही सोय रात्री दहाला होते. सिस्टर येतात, पानं फडफडवतात, "इथं, इथं आणि इथं." पेन चालत नाही, सिस्टर ते तळव्यावर घासतात, मग चालतं. वाचायचा चष्मा घरी राहिलेला असतो. सही करा. गाडीच्या कर्जाची कागदं तुम्ही वाचली होती का? मग!

एवढं सगळं शास्त्र पाठ असून माझा घात झाला तो बायकोला बाहेर न बसवल्यामुळे. मेव्हण्याची बहीण ती. दावणी हिंडलेल्या घरातली.

बोर्डवाल्याकडे तिनं मला जाऊच दिलं नाही. गावातल्याच दुसऱ्या एका सर्जनकडे नेलं, ज्याच्या दवाखान्याची पाटी वाचायला रस्ता ओलांडावा लागतो. मी पोट सावरत बसतोय तोवर हिनं पर्समधून शाळेच्या वहीचं पान काढलं. मी तंबाखूचं "कधीतरी" म्हणालो, तर ही शेजारून म्हणाली, "दिवसाला दोन पुड्या." घोरण्याचं विचारलं, तर हिनं मोबाइलमध्ये रेकॉर्ड करून आणलेलं ऐकवलं. दवाखान्यातला पंखा बंद पडला की काय, म्हणून कंपाउंडर डोकावून गेला.

मग तिनं विचारलं, "डॉक्टर, तुमच्या हातनं बिघडलीत किती?"

मी डोळे मिटले. डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. म्हणाला, "लीक तीन. दोघांना परत टेबलवर घ्यावं लागलं. एक पेशंट गेला, पायातली गुठळी फुप्फुसात जाऊन. रात्रीचा फोन मीच उचलतो, पाठीमागेच राहतो. आणि यांचं ऑपरेशन लगेच करणार नाही. तंबाखू सुटल्याशिवाय नाही."

आता तुम्हीच सांगा. ज्या माणसानं स्वतःच्या तोंडानं तीन लीक आणि एक मृत्यू कबूल केला, आणि आलेलं गिऱ्हाईक परत पाठवलं, त्याच्यावर कुणी शहाणा विश्वास ठेवेल? मी हिला डोळ्यांनी खुणावलं, ऊठ. हिनं खुर्ची पुढे ओढली.

"जे गेले, त्यात त्यांचं चुकलं का तुमचं?"

डॉक्टर जरा गप्प बसला. मग बाहेरच्या पोराला हाक मारून पुढच्या पेशंटला थांबायला सांगितलं, टेबलावरून एक कोरा कागद ओढला आणि पाय, शीर, फुप्फुस असं काहीतरी काढायला लागला. चित्र काही बरं आलं नव्हतं.