घरट्याच्या फोटोंवरून: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इतकी सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. कॅलिफोर्नियातल्या आमच्या परसातल्या हमिंगबर्डच्या घरट्याचे फोटो तुम्हाला खटकले. घरट्याचे फोटो कुणीच, कधीच काढू नयेत आणि काढले तरी चारचौघांत दाखवू नयेत, असं तुमचं म्हणणं. फोटोत आड येतात म्हणून भोवतालच्या फांद्या छाटलेलं स्वर्गीय नर्तकाचं घरटं आणि त्यात उन्हानं मेलेली पिल्लं तुम्ही स्वतः पाहिली आहेत. वाचून पोटात कालवलं. असं करणाऱ्यांबद्दल तुम्हाला जो संताप आहे, तोच मलाही आहे. माळरानावर किंवा जंगलात एखाद्या घरट्यापाशी कॅमेरा घेऊन जाऊ नये, हेही मला शंभर टक्के मान्य आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घरट्याला त्रास देणं शिकारीच्या व्याख्येतच घातलंय, ते योग्यच केलंय.

पण परसातल्या घरट्याला तोच नियम जसाच्या तसा लावायला मी तयार नाही. का, ते सांगते.

हे घरटं ॲनाज हमिंगबर्डचं आहे. झाड संत्र्याचं, स्वयंपाकघराच्या खिडकीपासून पंधरा-एक फुटांवर. मादीनं ही जागा निवडली तेव्हा आमचं सगळं तिच्या डोळ्यांदेखत चालू होतं: भांडी, मुलांचा दंगा, शेजारच्यांचा कुत्रा. त्यामुळे माणूस जवळ असावा की नसावा हा प्रश्न इथे उरलाच नव्हता. आम्ही होतोच. आता कसं वागायचं, एवढंच आमच्या हातात होतं.

ती घरटं बांधत असतानाच ते आमच्या लक्षात आलं, आणि ते लक्षात येणं फार मोलाचं ठरलं. कॅलिफोर्नियात हा पक्षी डिसेंबरपासूनच घरटी करायला लागतो. आमच्या भागात झाडं छाटणारे लोक येतात तेही नेमके जानेवारी-फेब्रुवारीत. घरटं अर्ध्या लिंबाएवढं. बाहेरून दगडफुलाचे कपटे चिकटवलेले असल्यामुळे फांदीवरची गाठच वाटते. खालून करवत चालवणाऱ्या माणसाला ते दिसणं जवळजवळ अशक्य. आम्ही बघत होतो म्हणून त्या झाडाला जूनपर्यंत हात लावायचा नाही, असं त्यांना सांगता आलं. शेजारणीनं फोटो पाहिले आणि तिनंही आपल्या कुंपणाची छाटणी पुढे ढकलली. नुसतं 'घरटी जपा' म्हणून सांगितलं असतं, तर तिनं मान डोलावली असती आणि कामगारांना ठरल्या दिवशी बोलावलं असतं. फोटो दाखवण्याच्या बाजूनं माझ्याकडे याहून मोठं कारण नाही.

तुमचा सर्वांत वजनदार मुद्दा हा की, आई उडाली नाही म्हणजे तिला त्रास झाला नाही, असं होत नाही. अगदी बरोबर. अंड्यांवर बसलेली मादी शेवटपर्यंत हलत नाही, पण म्हणून तिची हरकत नसते असं नव्हे. म्हणून मी ती बसलेली असताना काय करते याकडे बघतच नाही; ती परत येताना काय करते ते बघते. सरळ येऊन घरट्यात उतरली, तर ठीक. शेजारच्या डहाळीवर थांबून राहिली, आपल्यासमोर हवेत तरंगत टिकटिक करायला लागली, तर आपण फार जवळ आहोत. तिथून ताबडतोब निघायचं. हा पक्षी जेमतेम चार-पाच ग्रॅमचा, नर ना अंडी उबवतो ना पिल्लं भरवतो, दोन अंड्यांवर ही एकटी सुमारे सोळा दिवस बसते. तिला स्वतःच्या पोटासाठी मध्येमध्ये उठावंच लागतं. त्या वेळात आपण झाडाखाली उभे राहिलो, की तेवढा वेळ अंडी थंड पडतात. हे तुम्हाला जसं ठाऊक आहे तसं प्रत्येक फोटोवाल्याला ठाऊक असायला हवं.

म्हणून सगळे फोटो खिडकीच्या काचेआडून आहेत. ४०० मिलिमीटरची लेन्स, आवाज न करणारं शटर, फ्लॅश नाही. पिल्लांच्या तोंडापुढे एक पान आडवं आलंय, ते तसंच राहू दिलंय. तुम्ही लिहिलंय, 'पान आहे तिथेच ठेवल्याचं दिसतं, तेवढं बरं केलंत.' त्या पानाआड अंडी-पिल्लं पळवणारे स्क्रब जे पक्षी आणि कावळे यांच्यापासून घरटं लपतं. फोटो धूसर आला तरी चालेल.

आणि काचेआडूनही काय काय दिसतं! मादी चोचीला गुंडाळून कोळ्याची जाळी आणते, काठावर पुसते, मग वाटीत बसून गोल फिरत छातीनं आणि हनुवटीनं काठ दाबत राहते. त्या जाळ्यामुळे पिल्लं वाढतात तसं घरटं ताणलं जातं. डोळे मिटलेली पिल्लं आईच्या पंखांचा वारा लागला की चोची वासतात. पिसं फुटू लागली की आई रात्रीही घरट्यात बसेनाशी होते, दिवसा येते ती काही सेकंदांपुरती, भरवते आणि जाते. ती तेवढी भेट हुकली की लोकांना वाटतं, पिल्लं पोरकी झाली. मग ती उचलून आणतात, साखरपाणी पाजतात. चांगल्या मनानं केलेल्या या कामानं पिल्लं मरतात, कारण त्यांना खायला किडे हवे असतात. नीट, लांबून, बराच वेळ बघितलेला माणूस ही चूक करत नाही.

मोठ्या हमिंगबर्डांसाठी आम्ही टांगलेल्या साखरपाण्याच्या बाटलीबद्दल थोडक्यात: एक भाग पांढरी साखर, चार भाग पाणी. रंग नाही, मध नाही, गूळ नाही. उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी बाटली धुते. ती घराच्या दुसऱ्या बाजूला टांगलीय, कारण तिच्यावरून मारामाऱ्या होतात आणि त्या घरट्यापाशी नकोत. परसात इथलीच साल्व्हिया आणि रायबीजची झुडपं लावलीत. फुलं आणि त्यांवरची चिलटं हेच या पक्ष्याचं खरं अन्न, यावर आपलं एकमत आहे.

अमेरिकेत १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याचं या पक्ष्याला संरक्षण आहे. पिल्लं उडून गेल्यावर रिकामं घरटंसुद्धा परवान्याशिवाय घरात आणून ठेवता येत नाही. आमचं अजून फांदीवरच आहे.

तुमची एक सूचना मात्र आजच अमलात आणते आहे. फोटो पुढे पाठवला जातो, सोबतचा मजकूर मागेच राहतो, हे तुम्ही नेमकं सांगितलंत. यापुढे घरट्याच्या प्रत्येक फोटोवरच अंतर, लेन्स आणि 'काचेआडून' एवढं लिहिलेलं असेल. जागेचा पत्ता मी कधीच देत नाही, आणि देणारही नाही.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. हे फोटो बघून पुण्यातलं कुणी आपल्या बाल्कनीतल्या शिंजीराच्या घरट्यात मोबाइल खुपसणार नाही कशावरून? भीती रास्त आहे, म्हणून त्यांच्यासाठी इथेच लिहिते. शिंजीराचं घरटं वायरीला, दोरीला, कुंडीतल्या वेलीला लोंबतं आणि त्याचं दार बाजूला असतं, म्हणजे आत बघायला जवळच जावं लागतं. तेव्हा आत बघायचंच नाही. ती दोरी कपड्यांची असेल तर काही आठवडे कपडे दुसरीकडे वाळत घाला. कुंडी सरकवू नका, पाणी लांबून घाला. फोटो हवाच असेल तर खोलीतून, पडद्याआडून काढा, आणि आई दोनदा येऊन परत फिरली तर कॅमेरा ठेवून द्या. यात काही भर घालायची असेल तर जरूर लिहा; तुमच्या परवानगीनं ती मूळ लेखाखाली जोडेन.