कर्ता ओळखा

परवा भाची गृहपाठाची वही घेऊन आली. प्रश्न नेहमीचाच, 'नागरिकांची मूलभूत कर्तव्ये लिहा.' "मावशी, दहा लिहू की अकरा? मैत्रिणीने दहाच लिहिलीत." अकरा लिही म्हटलं. अकरावं 2002 मध्ये 86व्या घटनादुरुस्तीने आलं : सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शिकण्याची संधी द्यायची. ते तुझं नाही, तुझ्या आईबाबांचं कर्तव्य आहे, हे सांगितल्यावर बाईसाहेब भलत्याच खूश.

पण मला तो प्रश्नच खटकला. आपण सगळे नागरिकशास्त्र असंच शिकलो. रांगेत उभे राहा, सार्वजनिक मालमत्ता जपा, राष्ट्रध्वजाचा मान राखा. संविधान म्हणजे जणू नागरिकांसाठी लिहिलेली सूचनांची पाटी! वाईट काही नाही त्यात. पण मूळ ग्रंथ उघडा आणि शाळेतल्या व्याकरणाच्या तासासारखं एकच काम करा, वाक्याचा कर्ता ओळखा.

कलम 13 म्हणतं, मूलभूत हक्क हिरावणारा कायदा राज्याने करायचा नाही. कलम 14 म्हणतं, राज्याने कोणत्याही व्यक्तीला कायद्यापुढची समानता नाकारायची नाही. कलम 15, धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून राज्याने भेदभाव करायचा नाही. कर्ता राज्य, क्रियापद नकारार्थी. (राज्य म्हणजे इथे महाराष्ट्र नव्हे, केंद्र, राज्य सरकारं, विधिमंडळं, जिल्हा परिषदा, नगरपालिका सगळं त्यात आलं. कलम 12 वाचा.) कलम 22 तर घड्याळ लावूनच बसलंय : अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं. त्याच कलमात पुढे प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेचा, म्हणजे गुन्हा घडण्याआधीच माणसाला डांबून ठेवण्याचा, अपवाद आहे, तोही वाचा. आवडणार नाही, पण वाचा.

म्हणजे सूचनांची पाटी आहे खरी, फक्त तिचं तोंड सत्तेकडे आहे.

बरं, ही कर्तव्यं आली कधी? 26 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेने जे स्वीकारलं, त्यात ती नव्हती. 1976 मध्ये, ऐन आणीबाणीत, 42व्या घटनादुरुस्तीने कलम 51क म्हणून ती घातली गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जबलपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 4 विरुद्ध 1 असा निकाल दिला होता की, आणीबाणीत बेकायदा स्थानबद्ध केलं तरी माणसाला सुटकेसाठी कोर्टाचं दार वाजवता येणार नाही. विरोधातले ते एक म्हणजे न्या. हंसराज खन्ना. पुढच्या वर्षी त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश केलं, त्यांनी राजीनामा दिला. नागरिकाला कर्तव्यांची यादी मिळाली त्या वर्षी त्याच्या हक्कांची काय गत होती, एवढं तरी पुस्तकात शेजारी-शेजारी छापावं असं मला वाटतं. 1978 च्या 44व्या दुरुस्तीनंतर मात्र कलम 20 (मनमानी शिक्षेपासून संरक्षण) आणि कलम 21 (जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) आणीबाणीतही निलंबित करता येत नाहीत.

आणि जाता जाता : मतदान हे मूलभूत कर्तव्य आहे असं दर निवडणुकीत फॉरवर्ड फिरतं. 51क मध्ये ते नाही. कर भरणंही नाही. मत द्या, कर भरा, फक्त त्यासाठी भलत्या कलमाचा हवाला देऊ नका.

आता माझ्याच मांडणीतला खोटेपणा सांगते. सगळी कलमं काही सरकारला उद्देशून नाहीत. कलम 15 चंच दुसरं पोटकलम वाचा : दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते. इथे कोणी कोणाला अडवायचं नाही. विहिरी आणि तलाव! हे शब्द वाचताना मराठी माणसाला महाड आठवलं नाही तर कसं व्हायचं? 1923 मध्येच मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला होता. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद तयार होता, पाणी मात्र मिळत नव्हतं. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन तळ्यावर जावं लागलं, आणि त्यानंतर त्या माणसांना मारहाण झाली ती सरकारने केली नव्हती. गावकऱ्यांनी केली होती. सत्तेला लगाम घातला की काम संपलं, असं माझ्यासारख्यांना वाटतं तेव्हा हे पोटकलम आडवं येतं.

हे सगळं भाचीला तिच्या वयाला झेपेल इतकं सांगितलं. तिने अकरा कर्तव्यं लिहून वही मिटली आणि खेळ म्हणून माझ्या पुस्तकातल्या कलमांचे कर्ते शोधत बसली. राज्य, राज्य, राज्य करत कलम 17 वर अडली. अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे, तिचं आचरण निषिद्ध आहे.

"मावशी, ह्यात कर्ताच नाहीये. कोणाला सांगतायत?"